दांडा वजा

बारा मे, फैजपूर, भर दुपार.
शेचाळीस डिग्रीत
मी लोकरीचा कोट घालून पाहिला.

नेहेतेकाकांनी माळ्यावरून काढला, झटकला,
माझ्याकडे बघितलं
आणि पुन्हा घडी घातली.
"हा महाबळेश्वरपुरता आहे.
तुझं ते गाव काय, ऊलू?
तिथला कोट तिथंच घे बाई, बुडू दे माझा धंदा."
वर उसाचा रस पाजला.

तेवढा एक निर्णय सोपा झाला.

बाकीचे बियाण्याच्या कंपनीच्या डायरीत.
दोन रकाने, इथून आणि तिथून.
खोडून खोडून कागदाला भोकं पडलीत.

कल्पेश भंगाळे तीन वर्षं तिकडे आहे.
त्याचे निरोप रात्री येतात.
तूरडाळ मिळते, महाग.
हिंग आण. काळा मसाला दुप्पट आण, मला लागेल.
गोधडी नको, घरात मी बनियनवर बसतो, बाहेर उणे बावीस.
चष्मे दोन कर. दात दाखवून ये.
वांग्याचं बी आणू नको, पकडतात.

मी आणणारच नव्हते.
पण नको म्हटल्यापासून
बामणोदचं हिरवं वांगं डोळ्यांसमोरून हलेना.
बी नेलं तरी कपाशीच्या काड्या कुठल्या,
काड्या नेल्या तरी धूर कुठे करू?
तिथं म्हणे पोळी करपली
तरी छतावरचं यंत्र बोंबलतं,
अख्खी बिल्डिंग खाली येऊन उभी राहते, चपला घालून, शांत.

नणंद म्हणाली, खापर नाही मिळायचं तिकडे.
खरंच आहे.
पण मला मांडे येतात कुठे?
अकरा वर्षांत एकही
कोपरापर्यंत न फाटता पोचला नाही.
जे इथं केलं नाही
ते तिथं करीन, असं का वाटतं?
वर्षातून दोनदा खाल्ले असतील बिबडे
आणि आता चार किलो बांधून बसलेय,
जणू तिकडे कुणी दुसरीच मी वाट पाहतेय,
सुगरण, रिकामटेकडी,
दुपारी तीनला अंधार पडला की
बिबडे तळायला बसणारी.

कुकरवरून हेमराजशी वाजलं.
तो म्हणतो, तिथंच घेऊ.
तिथल्याला शिट्टी नसते, मी म्हटलं,
नुसती वाफ सोडतो, शेजाऱ्यांना कळणार नाही अशी.
मग? तो म्हणाला.
मग काय.
डाळीला तीन, चण्यांना सात.
मला मिनिटं माहीत नाहीत.

शेवटी बॅग केळीच्या काट्यावर नेली.
गाडी भरणं चालू होतं.
सुपडूनं आकड्याला बॅग अडकवली,
आकडा स्थिर होईपर्यंत विडी बाजूला धरली.
सव्वीस सहाशे.
विमानाला चालतात तेवीस.

सवयीनं त्यानं पावतीपुस्तक काढलं.
"दांडा कापू का, ताई?"
सगळे हसले. तो नाही हसला.
घडाचं वजन धरताना
न खाल्ल्या जाणाऱ्या भागाचं वजा करतातच की.
मी उभी राहिले बॅगेकडे बघत,
यात दांडा कुठला?

बिबडे काढले.
"इतले?" सुपडू म्हणाला,
"तिकडे कोनी खात नाही का?"
पुन्हा अडकवली. बावीस सहाशे.
चारशे ग्रॅम शिल्लक राहिले
आणि त्या चारशे ग्रॅममध्ये काय घालावं
हे मला तिथं उन्हात काही केल्या सुचेना.

परत निघाले तेव्हा दिसलं,
एका कापलेल्या दांड्याला टेकले होते बहुतेक,
कुर्त्यावर चीक लागला होता.
अजून पाण्यासारखा. उद्या काळा पडेल.
केळीचा डाग धुतल्यानं जात नाही,
हे इथल्या पोराटोरालाही ठाऊक.

हा कुर्ता कुठल्या रकान्यात लिहू?