प्लेट क्रमांक एकेचाळीस

तिसऱ्या दिवशी प्लेटवर सुरकुत्या आल्या,
फार वेळ पाण्यात राहिलेल्या बोटांसारख्या.
वास घेऊ नकोस, खरपडेबाई ओरडल्या.
तरी आलाच. ओल्या मातीचा.

पेशंट बुधराम टोप्पो, शिवडी.
पायलिंगच्या खड्ड्यात अनवाणी,
टाचेला भेग.

हा जंतू कुणाचा वैरी नव्हे.
माणूस त्याला ठाऊकच नव्हता.
चिखलात अमीबा त्याला गिळायचा,
पिढ्यान्‌पिढ्या गिळत आला,
आणि कधीतरी
त्यांतला एक पोटात जाऊन पचला नाही.
एवढंच शिक्षण.

आता टोप्पोच्या रक्तातली पांढरी पेशी
नेमाने त्याला गिळते,
आणि आत शिरताच
त्याला खोली ओळखीची वाटते.

परळहून घरी येते.
खिडकीतल्या कढीपत्त्याची माती कोरडी आहे का
बघायला बोट पुढे करते,
तसंच ठेवते.