सतरावा तास

गाडी आली मार्चच्या सात तारखेला,
टेम्पोतून फळीवर, फळीवरून येऊरच्या मातीत.
चार जाडजूड टायर, त्यांच्यावर रबराचे केस अजून शाबूत,
सीटवरचं प्लॅस्टिक कुणी काढायचं यावर थोडी चर्चा.
रेंजर साहेबांनी नारळ फोडला, किल्ली माझ्या हातात दिली,
म्हणाले, थोरवे, पहिले वीस तास जपा.
मग फोटो काढून खाली ठाण्याला गेले.

पुस्तिकेत लिहिलं होतं:
वीस तास अंगठा अर्ध्याच्या पुढे दाबू नका.
एकाच वेगात फार वेळ राहू नका.
मागे ओझं नको. चढावर रेटू नका.
आत पिस्टनच्या रिंगा भिंतीला घासत असतात,
घासता घासता आपापली जागा ओळखतात.

हे मी रूपजीला वाचून दाखवलं.
रूपजी वरठा, वनमजूर, अठ्ठावीस वर्षं याच डोंगरात.
तो म्हणाला, म्हंजी चपलेसारखं.
आधी चावनार, मग पाय ओळखनार.
मी हसले नाही.
माझे बूट खात्याचे, पाच महिन्यांचे,
आणि दोन्ही टाचांना पट्ट्या.

मग अर्ध्या अंगठ्याने जाळरेषेवरून फिरले.
पाटोणपाड्यातल्या कोंबड्या आमच्या पुढे निघून जायच्या.
बंगल्यांवर पार्टीला आलेली पोरं गेटातून ओरडायची,
मॅडम, गिअर टाका!
हिला गिअरच नाहीत, हे सांगत बसले नाही.
रोज एक तास, कधी दीड. वहीत नोंद.
तास चार: ऐनाच्या सालीवर मगरीची पाठ.
तास नऊ: वाटेत बिबट्याची विष्ठा, केसांसकट. वळसा घातला.
हे वहीत लिहायचं नसतं, पण लिहिलं.
थांबलो की तापलेलं लोखंड टिकटिक करत निवायचं
आणि रूपजी तळहातावर तंबाखू मळायचा,
दोघांनाही घाई नाही.

सतराव्या तासाला वायरलेस खरखरला.
मामा-भाच्याच्या अंगाला धूर.
खालून तो इतका बारीक, की वाटावं
कुणी चूल पेटवतंय.
रूपजी मान वर करून वारा हुंगत राहिला, एवढंच.
मग पाण्याचे दोन कॅन बांधले, फावडं बांधलं,
ऐनाच्या ओल्या डहाळ्यांची मोळी मांडीवर घेतली
आणि माझ्या मागे बसला.
ओझं नको, असं लिहिलंय, मी म्हणाले.
आगीनं वाचलंय का, तो म्हणाला.

अंगठा पूर्ण दाबला.
गाडी आधी दचकली,
मग असा आवाज काढला जो मी तिचा ऐकलाच नव्हता,
आणि दगड, मुळं, वाळकी कारवी
सगळं पोटाखालून मागे फेकत चढली.
माझे दात एकमेकांवर आपटत होते.
रूपजीचा हात माझ्या पट्ट्यात घट्ट,
दुसऱ्या हातात मोळी.

संध्याकाळपर्यंत झोडपत होतो. पाड्यातले अकरा जण आले,
एक बाई कडेवर लेकरू घेऊन.
जळालं ते गवत, थोडी कारवी,
आणि एक घरटं, ज्यात काय होतं ते मी पाहिलं नाही.

विसाव्या तासाला माजिवड्याहून फिरोज मेकॅनिक आला.
तेल काढलं, बोटावर घेऊन उन्हात धरलं.
तेलात चंदेरी चुरा.
थोडा तर निघतोच, तो म्हणाला. हा जास्त आहे.
घाई केलीत, मॅडम.
मी काही बोलले नाही. त्यानेही विचारलं नाही.

आता चढावर ती खर्र करते,
म्हाताऱ्या माणसाने घसा साफ करावा तशी.
पाड्यातली पोरं नुसत्या आवाजावरून सांगतात, थोरवे बाई आल्या.
लाकूड तोडणाऱ्यांनाही ते कळतं, ही पंचाईत आहे.

वहीतली त्या दिवसाची ओळ:
तास १७. पूर्ण वेग. भार अंदाजे दीडशे किलो.
पुढचा रकाना कारणाचा. तिथे लिहिलं, आग.
त्याच्या पुढचा शेऱ्याचा.
तो साहेबांसाठी असतो.
अजून कोरा आहे.