सतराव्या ओळीतली चांदणी

हीउमा बेटाच्या धक्क्यावर, तिकीटखिडकीमागच्या खोलीत
संध्याकाळी सहाला वाइके तो काळा पडदा उघडते.
काळ्यावर एक हिरवा चौकोन लुकलुकतो,
काही विचारत नाही, नुसता थांबून राहतो.
तिला तेच बरं वाटतं.
बटणं नकोत, चित्रं नकोत,
‘आपली खात्री आहे का’ असली आर्जवं नकोत.

ती टंकते:
बर्फ बावीस सेंटिमीटर. मध्यावर एकोणीस.
अडीच टनांवरच्या गाड्यांनी उतरू नये.
पट्टे बांधू नयेत.
मग एकच शब्द, मिने,
तिच्या भाषेत ‘जा’,
आणि ते जातं.

एकेचाळीस ओळींची स्क्रिप्ट, तिच्याच हातची.
साठीनंतर शिकली, एका निवृत्त रेडिओवाल्याच्या वहीवरून.
एक आज्ञा दुसरीच्या ओंजळीत ओतते,
दुसरी गाळून तिसरीला देते,
तारीख चढते, समास बसतो,
कालचं माळ्यावर जातं, आजचं समुद्रापार,
आणि दोन्ही किनाऱ्यांवर माणसं
गाडीची किल्ली हातात धरून वाचतात.

फक्त सतराव्या ओळीत
फाईलचं नाव रोज बदलायचा कंटाळा आला
म्हणून तिने एक चांदणी टाकून ठेवली होती.
चांदणी म्हणजे: जे असेल ते. सगळं.

नऊ फेब्रुवारीला
बर्फाच्या शेजारी दुसरीही एक फाईल होती.

*गिरमिट थांबलं की इतकं शांत होतं*
*की मी आकडा मोठ्यांदा म्हणते, स्वतःलाच.*
*परवा चुकीचा म्हटला.*
*कुणी दुरुस्त केला नाही.*

मिने.

‘मागे ये’ अशी आज्ञा तिने कधी लिहिलीच नव्हती.
खोडलं, पण खोडेपर्यंत
बेकरीत, शाळेत, बोटीच्या इंजिनघरात
लोकांनी वाचून फोन उलटे ठेवले होते.
रात्री तिने चुलीत लाकूड घातलं, जरा जास्तच,
आणि कानशिलं तापली ती चुलीने, असं ठरवलं.

सकाळी सातला बर्फावर
इंजिनघरातला राइवो उभा होता, स्वतःचं गिरमिट घेऊन.
शाळेतली लीस, हातात थर्मास.
कालचा विषय कुणी काढला नाही.
वाऱ्याचा काढला, सील दिसले का त्याचा,
राइवोच्या मोज्याला पडलेल्या भोकाचा.

भोक पडलं. पट्टी उतरली.
“बावीस,” वाइके म्हणाली.
राइवो गुडघ्यावर बसला,
मिशीला दहिवर लागेपर्यंत वाकून पाहिलं.
“एकवीस,” तो म्हणाला.
तिने चष्मा पुसला. पाहिलं.
एकवीसच होतं.

संध्याकाळी तिने सतरावी ओळ उघडली,
चांदणी खोडली, नाव घातलं, चोख.
वरती कुंपणाच्या खुणेपुढे एक ओळ,
जी यंत्र ओलांडून जातं, वाचत नाही:

# इथे चांदणी होती. नऊ फेब्रुवारीपर्यंत.

मग: बर्फ एकवीस.
मोजणारे तीन.
हे दुसरं वाक्य तिने एकदा पुसलं,
परत लिहिलं.

मिने.