केबिनची सीट

सात रस्त्याला चार काउंटर, चारही तोंडांत एकच आकडा :
नागपूर, स्लीपर, तेराशे.
"नॉन एसी?"
"हेच नॉन एसीचं सांगितलं बे. एसीचं ऐकलास तर पळशील."

घरी आईच्या सुपात तेंदूची पानं,
कातरीनं एकसारखी केलेली, ओल्या फडक्याखाली.
हजार विड्यांच्या मजुरीनं मी तेराशेला भागायला घेतो
आणि भागाकार मध्येच सोडतो.
सहाचा भाग गेला होता,
वर बाकी उरत होती.

एसटीचंही बघितलं.
लातूरला बदला, नांदेडला बदला,
पुढचं पुढं बघा.
लावण्या म्हणते, मला अर्धं तिकीट पडतं रे,
तुझी अॅडमिशन मलाच द्यायची होती.
ती हसते.
आई हसत नाही, धागा दातानं तोडते.

होस्टेलवर सीनियरांनी शिकवलेलं सगळं पाठ आहे :
रविवारी जायचं नाही, मंगळवार पडेल असतो.
ऑफिसात विचारायचं नाही, नाक्यावर विचारायचं.
गाडी हलायला लागल्यावर भाव उतरतो,
पण तोवर धीर धरायला
पोटात काहीतरी असावं लागतं.

तुळजापूर नाका. साडेआठ.
मल्लेशी एजंट पानपट्टीच्या फळीवर वही ठेवून उभा.
"कुठं जाऊलालास?"
"नागपूर. विद्यार्थी आहे."
"विद्यार्थी सगळेच हाईत. आयकार्ड आत ठेव, मी काय मास्तर हाय?"
आठशे. पाचशे. सातशे. मी गप्प.
गप्प बसायचं हेही सीनियरांनीच सांगितलं होतं.
"साडेपाचशे दे अन् केबिनमध्ये बस.
गादी नाही, पाठ नाही,
पावती तर मागूच नको."

गुडघ्यांखाली चादरींचे दोन गठ्ठे, खळीचा वास.
बुडाखाली इंजिन, तव्यावर बसल्यासारखं.
शेजारी क्लीनर इरण्णा, माझ्याच वयाचा,
घाट चढेस्तोवर माझ्या खांद्यावर झोपून गेलेला.
मागं पडद्याआड तेराशेवाले घोरत होते.
गौसभाईंनी आरशातून मला एकदा पाहिलं.
"काय शिकतो?"
"जनावरांचा डॉक्टर. दुसरं वर्ष."
पुढं नांदेडपर्यंत ते काही बोलले नाहीत.

दोन वाजता फोन वाजला, वळसंगहून.
शबनम नावाची शेळी,
डावी कूस ढोलकीसारखी फुगलेली,
दुपारी लग्नाच्या मांडवामागं भात खाऊन आलेली.
गौसभाईंनी फोन माझ्या हातात दिला
आणि गाडी बाजूला घेतली.

पोटफुगीचा धडा आम्हाला अजून व्हायचा होता.
पलीकडं एक बाई रडू दाबत होती.
मी सीनियरांच्या नोट्स आठवल्या,
झेरॉक्सवर पुसट झालेली ती एक ओळ.
म्हटलं, गोडेतेल आहे? अर्धा पेला. हळूहळू पाजा,
मान वर ताणू नका, ठसका लागेल.
पुढचे पाय उंचावर, पायरीवर ठेवा.
कूस चोळा. आडवी होऊ देऊ नका.
माझा आवाज मला
कुणा दुसऱ्याचाच वाटला.

नंतरचा रस्ता मी झोपलो नाही.
यवतमाळच्या अलीकडं हेडलाइटमध्ये
एक कोल्हा थांबला, गेला.
इरण्णानं न मागता चहा आणून दिला,
त्याचे पैसे घेतले.

वर्ध्याला उजाडताना परत फोन.
"ढेकर दिली," गौसभाई म्हणाले,
एवढंच, आणि गिअर टाकला.
नागपुरात उतरताना म्हणाले,
"पुढच्या टायमाला मल्लेशीला माझं नाव सांग. साडेचारशे."
पैसे परत देतील असं मला
उगाच, पळभर, वाटून गेलं होतं.

पाठ सरळ होत नव्हती.
होस्टेलच्या फाटकाशी आईचा फोन आला :
पोचलास का, जागा बरी मिळाली का?
"पुढची मिळाली," मी म्हटलं.
"सगळा रस्ता दिसत होता."