‘ना’

दहाच्या राऊंडला ट्रॉली घेऊन निघते,
तिचं मागचं डावं चाक कुरकुरतं,
आणि अकरा नंबरचे भेगडे काका
डोळे न उघडताच म्हणतात, आली.

पूर्ण नाव सांगा, काका.
“सकाळपासून सातव्यांदा सांगतोय.
लिहून ठेवायची पद्धत नाही का तुमच्यात?”
मनगटावर आहे, फाइलवर आहे,
तरी तुमच्या तोंडून हवंय.
“दत्तात्रय बाळोबा भेगडे. तळेगाव.
पुढं दाभाडे लावा,
नाहीतर ढमढेऱ्याला नेऊन सोडाल.”

त्या मंगळवारी स्टोअरमधून
चाळीसच्या इन्सुलिनच्या बाटल्या आल्याच नाहीत.
शंभरच्या आल्या.
काच तशीच, रबराचं बूच तसंच,
फ्रिजमध्ये त्याच खणात, त्याच गारव्यात.
ड्रॉवरमध्ये मात्र सिरिंजा चाळीसच्याच,
लाल टोपणाच्या.
मी दहाच्या रेघेपर्यंत भरलं,
टिचकी मारून बुडबुडा वर घालवला
आणि साळवे सिस्टरांना म्हटलं,
दहा आहे ना?

इथं जरा थांबते.
हा ‘ना’ भलताच गोड असतो.
समोरच्यासाठी ‘हो’पर्यंतची वाट
आधीच झाडून ठेवतो.
तीन वर्षं मी असेच हो गोळा केले होते,
रजिस्टरात सहीशेजारी सही.
पूजेला बायको
नवऱ्याच्या हाताला नुसता हात लावते
आणि पाणी दोघांनी सोडलं असं धरतात,
तशी ती दुसरी सही.

एस्तेर साळवे. नोकरीची सत्तावीस वर्षं, चष्मा दोरीला.
त्या म्हणाल्या, मला सांगू नकोस. दे इकडे.
ट्यूबलाइटखाली बाटली धरली,
ओठ हलवत वाचली, लहान मुलं वाचतात तशी.
मग सिरिंज वाचली.
मग पुन्हा बाटली.
“बाटली शंभरची. सिरिंज चाळीसची.
तू दहा म्हणतेस.
यात पंचवीस आहेत.”

पंचवीस.
काकांनी साडेसातला अर्धी भाकरी
ताटातच ठेवली होती.
तीनच्या सुमारास त्यांना घाम फुटला असता
आणि मी पंखा वाढवला असता.

ओरडल्या नाहीत.
सिरिंज ट्रेमध्ये आडवी ठेवली,
केशरी टोपणाची मागवली, पुन्हा भरायला लावली,
या वेळी माझ्याकडं पाठ करून उभ्या राहिल्या
आणि मग एकट्यानं वाचली.
नंतर फॉर्म पुढं केला.
‘कारण’च्या रकान्यात मी लिहिलं, थकवा.
त्यांनी ते खोडलं नाही.
खाली फक्त लिहिलं:
दोन्ही बाटल्यांना खण एकच.

काकांनी सगळं ऐकलं होतं.
मला वाटलं, सकाळी मुलगा येणार, मेट्रनकडं जाणार,
आमचा उद्धार होणार.
ते छताकडं बघत म्हणाले,
“खडकीला दारूगोळ्यात छत्तीस वर्षं तपासनीस होतो.
पहिल्यानं मोजलेला आकडा
दुसऱ्याला सांगायचा नाही.
सांगितला की डोळ्याला तोच दिसतो.
दुसऱ्यानं कोरं मोजायचं.”
थोड्या वेळानं म्हणाले,
“एकदा मी सांगितला होता.”
पुढं काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.
बाही वर करून दंड पुढं केला
आणि न विचारताच
नाव सांगायला सुरुवात केली,
बाळोबासकट, दाभाड्यांसकट.

आता मी नुसती हातात देते.
किती आहे, ते तू सांग.
नव्या पोरी एकमेकींकडं बघून हसतात,
घाईच्या वेळी चिडतातही.
चार पेशंट खोळंबतात, बेल वाजत राहते,
आणि शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा
आकडा बरोबरच निघतो.
त्या नव्व्याण्णव वेळा
आपण मूर्ख दिसतो, एवढंच.

सकाळी ड्यूटी संपवून
संगम पुलावर स्कूटर बाजूला घेतली.
खाली मुळा कुठली आणि मुठा कुठली
कळत नव्हतं.
दौंडहून आईचा फोन:
बरी आहेस ना?

हो, म्हणाले.