धप्पा
पोर्ट ऑफ स्पेनहून भावाचा व्हिडिओ आला:
पहाटेचा चिखल, पत्र्याचे ढोल,
आणि जहाजावर पोळ्या लाटणारा आमचा अबोल दिगू
पाठीला पिसं बांधून.

मी अकरा वर्षं नाशकात,
दर रंगपंचमीला खिडक्या लावून बसलेली.

ह्या वेळी सातपूरची शिफ्ट बदलून घेतली.
तिवंध्याची रहाड उघडलेली,
फुलं उकळल्याचा उग्र वास.
चष्मा कुणाकडे द्यावा?
"आणा इकडं," सुगंधाबाई म्हणाल्या
आणि दुसऱ्या हातानं ढकललं.

आत ढोल ऐकू येत नाही.
स्वतःचंच काहीतरी वाजतं.

आठवडा झाला. नखांच्या कडा पिवळ्याच.
मस्टरवर सही करताना
सुपरवायझर विचारतो, "कावीळ?"

मी हो म्हणते.