चिरेखाणीत पॅडल

खेडशीच्या वर, जिथे नऊ वर्षं
मी चिऱ्यांच्या पावत्या फाडत बसले,
त्या खाणीच्या तळाशी आता
कुणीतरी काचेची उघडी पेटी ठेवलीय.
आत निळं गवत. खोटं.
वर शिंपडलेली रेती मात्र खरी, बुटात येते.

बॅट भाड्याने, तासाला पन्नास.
तारा नाहीत, नुसती भोकं.
"झारा गो हा, वडे तळायचा,"
शर्वाणी कीर म्हणाली, आणि हवेत दोन वडे उलटलेसुद्धा.
ती पतपेढीत. मी हल्ली मिरकरवाड्याला, बर्फाच्या कारखान्यात.
दातांचे डॉक्टर जोगळेकर गुडघ्याला पट्टा बांधून आलेले.
चौथा मिळेना.
चौघांशिवाय हा खेळ मांडताच येत नाही म्हणे.
शेवटी जोगळेकरांनी कंपाउंडरला फोन केला
आणि बिचारा पाटणकर
इस्त्रीच्या पँटीत, शेजाऱ्याचे बूट घालून आला.

तन्वीर होडेकर शिकवतो. वय असेल तेवीस.
दोहाला तीन वर्षं अशाच कोर्टांच्या काचा पुसायचा;
लोक आत खेळायचे, हा बाहेरून फडकं फिरवत बघायचा
चेंडू कुठे लागतो, किती उसळतो, कुठे मरतो.
"कमरेखालून, मॅडम. आधी टप्पा, मग मार.
जोर नको."
जोर नको, हे मला आजवर
कुणी सांगितलंच नव्हतं.

गुण मोजायचं मी आपणहून घेतलं. सवय.
पंधरा. तीस. चाळीस.
हा कसला हिशेब? मधले पाच कुणी खाल्ले?
आमच्या खाणमालकाला आवडला असता.

आणि तो चेंडू.
उतू जाणाऱ्या दुधाकडे धावतात
तशी मी प्रत्येक चेंडूवर धावत होते.
"जाऊ द्या," तन्वीर ओरडतो, "मागे जाऊ द्या त्याला!"
कसा जाऊ देणार?
ट्रकवर चढलेला एकही चिरा
या खाणीत परत उतरल्याचं मी पाहिलं नाही.

सातव्यांदा की आठव्यांदा,
दमले म्हणून, शहाणपणाने नव्हे,
हात खाली सोडला.
चेंडू टप्पा घेऊन बगलेजवळून गेला,
काचेवर टक् झालं,
आणि तो परतला
सावकाश, पोटाइतक्या उंचीवर,
पत्ता विचारायला आल्यासारखा.
मला एवढा वेळ मिळाला
की काय करावं तेच कळेना.
जाळ्यात मारला.
"बरा होता, हां," शर्वाणी म्हणाली. ती माझ्याच बाजूची.

मग पाटणकरने असा एक हाणला
की पिंजऱ्यावरून पार खाणीच्या जुन्या कोपऱ्यात.
तिकडे उतरायची वाट फक्त मला ठाऊक:
यंत्राने कापलेल्या पायऱ्या, तिसरी फुटकी.
काजूच्या बोंडांचा आंबूस वास.
मोबाइलच्या उजेडात भिंत तांबडी, भोकाभोकांची.
जांभ्यालाही भोकंच की. इतकी वर्षं बघून आज दिसलं.
चेंडू डबक्याच्या काठाला. त्याच्यावर हातभर उंचीला
पांढऱ्या ऑइलपेंटने आकडा: ४१२.
पुढे ओढलेली रेघ माझीच.
कुठल्या दिवसाचे, कुणाच्या घराला गेले,
आठवेना.
अंगठ्याने घासून पाहिला. जाईना.

वरून हाका येत होत्या.
चेंडू पदराला पुसायला गेले, तर पदर नव्हता;
टी-शर्टला पुसला.
दाराशी येऊन विचारलं, "किती झाले होते?"
कुणालाच सांगता येईना. मलाही.
तन्वीरने नवा चेंडू काढला नाही,
तोच ओला माझ्या हातात परत दिला.
"शून्य-शून्य. मयेकर मॅडम, सर्व्हिस तुमची."